तळ्याच्या काठापासून किती मीटर? ओक रिजेस हिमोढाचे प्रकरण

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटो शहराच्या उत्तरेला, वाळू-गोट्यांचा एक लांबलचक उंचवटा आहे. पश्चिमेला नायगरा कड्यापासून पूर्वेला ट्रेंट नदीपर्यंत त्याची लांबी सुमारे १६० किलोमीटर भरते आणि क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९० हजार हेक्टर. हा ओक रिजेस हिमोढ, म्हणजे हिमस्तर वितळताना मागे उरलेल्या गाळ-गोट्यांचा उंचवटा. २००१ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र संवर्धन कायदा झाला आणि पुढच्या वर्षी जमीनवापराची योजना आली. शहर डोंगरपायथ्याला येऊन ठेपलेले, सुमारे अडीच लाख लोक त्याच्या भूजलावर अवलंबून, आणि माथ्यावर खळग्याखळग्यांत साचलेली शेकडो लहान-मोठी तळी, असे हे ठिकाण आहे.

योजनेत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे ३० मीटर. पाणथळ असो, झरा असो, ओढा असो वा जंगलाची कड, तिथपासून किमान ३० मीटरचा पट्टा नैसर्गिक झाडोऱ्याखाली राहिला पाहिजे. माथ्यावरच्या तळ्यांत अंडी घालणाऱ्या जेफरसन सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याला मात्र भोवतीचे सुमारे ३०० मीटर जंगल लागते. आणि तळे ज्यावर जगते ते पाणी किती लांबून येते, हे वाळूखालच्या थरांवर ठरते. काठापासूनच्या या तीन अंतरांचा मेळ बसत नाही, आणि इथल्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे.

डोंगर कशाचा बनला आहे

सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी लॉरेन्टाइड हिमस्तर मागे हटू लागला तेव्हा त्याच्या दोन जिभा, उत्तरेची सिमको आणि दक्षिणेची ओंटारिओ, एकमेकींपासून दूर सरकल्या. मधल्या फटीत वितळपाणी साठले आणि त्यात वाळू, गोटे, गाळ यांचे थर बसले. म्हणजे हिमनदीने समोर ढकललेल्या राडारोड्याचा हा ढीग नाही. बराचसा भाग वाहत्या आणि साठलेल्या पाण्याने चाळून ठेवलेला आहे, आणि म्हणूनच त्यातून पाणी इतके सहज मुरते.

या वाळूखाली न्यूमार्केट टिल नावाचा घट्ट, दाबला गेलेला थर आहे. दगड, वाळू आणि चिकणमाती यांचे ते मिश्रण पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. दक्षिण उतारावर वाळूच्या वर हॅल्टन टिलचा चिकणमातीयुक्त थर चढलेला आहे, त्यामुळे तिथे मुरण्याचे प्रमाण कमी आणि वाहून जाण्याचे जास्त. माथ्यावर उलट. खळग्यांतून पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून पाऊस आणि वितळलेला बर्फ जागच्या जागी मुरतो. नकाशावर माथ्याच्या कित्येक भागांत एकही ओढा दिसत नाही. नवख्या माणसाला वाटते, इथे पाण्याचा संबंध नाही. प्रत्यक्षात संबंध सगळ्यात जास्त तिथेच असतो.

मुरलेले पाणी न्यूमार्केट टिलवर टेकून आडवे सरकते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. हंबर, डॉन, रूज, डफिन्स, गॅनारास्का या दक्षिणवाहिन्या आणि उत्तरेकडे सिमको सरोवराला मिळणारे प्रवाह असेच सुरू होतात. हे भूजल वर्षभर साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसला राहते. ब्रुक ट्राउट या माशाला उन्हाळ्यात थंड प्रवाह लागतो, पाणी २० अंशांच्या वर गेले की तो अडचणीत येतो. शरद ऋतूत मादी अंड्यांसाठी नेमकी अशी जागा शोधते जिथे तळच्या गोट्यांतून भूजल वर येत असते, कारण तिथे हिवाळ्यात अंडी गोठत नाहीत. तेव्हा माथ्यावरच्या एखाद्या कोरड्या वाटणाऱ्या शेतावर डांबर घातले की त्याचा हिशेब काही किलोमीटर खाली ट्राउटच्या घरट्यात लागतो.

एक गुंतागुंत अशी की टिलचा हा घट्ट थर सलग नाही. हिमस्तराखालून जोरात वाहिलेल्या पाण्याने त्याला जागोजागी चिरा पाडल्या आणि त्या वाळू-गोट्यांनी भरल्या. अशा ठिकाणी वरचे भूजल थेट खोल जलधरात, म्हणजे पाणी साठवणाऱ्या भूथरात, उतरते. बोअरच्या नोंदी विरळ असतील तर नेमकी ही खिडकीच नजरेतून निसटते.

केटल तळी: दिसायला सारखी, वागायला वेगळी

मागे हटणाऱ्या हिमस्तराचे तुकडे वाळूत गाडले गेले, पुढे वितळले, आणि वरची वाळू खचून खळगे पडले. हे खळगे म्हणजे केटल. सगळ्या केटल तळ्यांना एकच नियम लावण्याचा मोह टाळायला हवा, कारण त्यांचे पाणी वेगवेगळ्या वाटांनी येते. काही तळी भूजल पातळीलाच छेदतात, त्यामुळे त्यांची पातळी परिसरातल्या भूजलाबरोबर हळू वरखाली होते. काहींच्या तळाशी गाळाचा किंवा कुजलेल्या वनस्पतींचा पाणी धरणारा थर बसला आहे आणि ती भूजलाच्या वर अधांतरी टांगल्यासारखी आहेत. त्यांचा जीव केवळ स्वतःच्या लहानशा पाणलोटावर. काही खळग्यांत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठून स्फॅग्नम शेवाळाची आम्ल दलदल झाली आहे. भोवतालची माती चुनखडीयुक्त, तरी पीटच्या जाडीमुळे आतले पाणी आम्ल, आणि तिथे घटपर्णी व दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. अशा दलदलीत रस्त्यावरचे कठीण, क्षारयुक्त पाणी सोडले की आधी स्फॅग्नम मरते आणि मग पाणकणीस घुसते.

सर्वांत दुर्लक्षित होतात ती हंगामी तळी. मार्चमध्ये भरायची, जुलै-ऑगस्टमध्ये आटायची. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तिथे काळी पडलेली पाने आणि एक खड्डा, एवढेच दिसते. पण आटणे हेच त्यांचे बळ आहे. आटतात म्हणून त्यांत मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून लाकूड-बेडूक व सॅलमँडर यांची पिल्ले वाचतात.

जेफरसन सॅलमँडर या तळ्यांचा खरा कसोटीचा प्राणी. त्याच्या नावाचा रिचमंड हिलजवळच्या जेफरसन जंगलाशी संबंध नाही. ते नाव पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजवरून आले, जंगल आणि प्राणी एका नावाचे निघाले हा योगायोग. ओंटारिओत तो संकटग्रस्त यादीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये, तळ्यावर अजून थोडा बर्फ असतानाच, पावसाळी रात्री प्रौढ जंगलातून चालत तळ्याला येतात. मादी पाण्यातल्या काटक्यांना अंड्यांचे लहान पुंजके चिकटवते. पिल्ले जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवर येतात. तळे जूनमध्ये आटले तर त्या वर्षाची पिढी गेली. वर्षभर आटलेच नाही तर मासे टिकतात आणि पिढी तरीही गेली. प्रौढांचा वर्षातला बहुतेक काळ मात्र पाण्यात जातच नाही. उंदीर-चिचुंद्र्यांच्या बिळांत, मुळांखालच्या पोकळ्यांत, गोठणरेषेच्या खाली ते राहतात. ३०० मीटर हा आकडा या जंगलातल्या जीवनाचा आहे.

ओळख पटवणेही सोपे नाही. जेफरसनबरोबर फक्त माद्यांची बनलेली एक संकरित वंशावळ राहते. तिला जेफरसनच्या नराचे शुक्राणू लागतात, पण पिल्ले बहुधा आईच्याच वळणाची. बाहेरून दोघी जवळजवळ सारख्या, म्हणून शेपटीच्या टोकाचा सूक्ष्म तुकडा घेऊन जनुकीय तपासणी करावी लागते. अंड्यांचे पुंजके पाहून निर्वाळा देता येत नाही. या कामाला परवाना लागतो. पाण्यात लावलेला सापळा थोडा पाण्याबाहेर राहील असा बांधायचा, कारण प्रौढांना हवा घ्यायला वर यावे लागते, आणि तो रोज तपासायचा.

कायद्याने काय बांधले

योजनेने हिमोढाचे चार भाग केले. नैसर्गिक गाभा ३८ टक्के, नैसर्गिक जोडपट्टे २४, ग्रामीण क्षेत्र ३०, वस्ती ८. गाभ्यात खाणकाम नाही. जोडपट्टे किमान २ किलोमीटर रुंद धरले आहेत, हेतू हा की प्राणी आणि बीजे पूर्व-पश्चिम सरकू शकावीत. जोडपट्ट्यात वाळू-खडीची खाण चालते, पण भूजल पातळीच्या वर १.५ मीटर थर न खणता सोडावा लागतो आणि खाणीबाहेर किमान १.२५ किलोमीटर रुंदीची सलग वाट मोकळी ठेवावी लागते.

वस्तीबाहेर कोणत्याही उपपाणलोटात पाणी न मुरणारे पृष्ठभाग १० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत आणि ३० टक्के भाग स्वतःहून टिकणाऱ्या झाडोऱ्याखाली राहावा, असे उद्दिष्ट आहे. आमच्या मते योजनेतला सर्वांत भक्कम विचार हाच आहे, कारण तो तळ्याची कड न मोजता सगळा उतार मोजतो. भूरूपासाठीही वेगळी तरतूद आहे. ज्या जागेचा निम्मा किंवा अधिक भाग १० टक्के वा त्याहून तीव्र उताराचा आहे, तिथे एकूण जागेच्या २५ टक्क्यांहून जास्त भाग उकरायचा नाही आणि १५ टक्क्यांहून जास्त झाकायचा नाही. खळगे सपाट केले की मुरणे थांबते, म्हणून हा नियम फक्त देखाव्यासाठी समजू नये.

३० मीटरच्या पलीकडे १२० मीटरचे प्रभावक्षेत्र आहे. त्यात काम करायचे तर नैसर्गिक वारशाचे मूल्यमापन सादर करावे लागते, आणि ते ३० पेक्षा मोठा पट्टा सुचवू शकते. केटल सरोवरांसाठी ३० मीटर किंवा पृष्ठभागावरचे संपूर्ण पाणलोट, यांपैकी जे मोठे ते धरायचे. व्यवहारात मात्र ‘किमान’ हा शब्द गळून पडतो आणि आराखड्यावर सगळीकडे ३० मीटरचीच रेघ दिसते.

सॅलमँडरचे ३०० मीटर दुसऱ्या कायद्यातून, संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखालच्या अधिवास-नियमातून आले. प्रजननाचे तळे, भोवती ३०० मीटर आणि जवळच्या तळ्यांना जोडणाऱ्या वाटा, असा तो अधिवास होता. २०२५ मध्ये ओंटारिओने त्या कायद्यात बदल केले आणि प्राण्यांच्या अधिवासाची व्याख्या घरटे, बीळ यांसारखी राहण्याची जागा आणि तिच्या लगतचा भाग एवढ्यावर आणली. वर्षाचे बहुतेक महिने तळ्यापासून दूर, जमिनीखाली विखुरलेल्या प्राण्यासाठी ही व्याख्या फार तोकडी आहे.

मीठ

हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ ही इथली सर्वांत हट्टी समस्या. मिठातले क्लोराइड मातीत अडकत नाही, कुजत नाही, झाडे ते फारसे शोषत नाहीत. पाणी जाईल तिथे तेही जाते. ३० मीटरचा झाडोरा गाळ आणि फॉस्फरस अडवतो, पण क्लोराइडपुढे त्याचा काही उपयोग नाही. कॅनडाच्या मार्गदर्शक मर्यादा जलचरांसाठी दीर्घकालीन १२० आणि अल्पकालीन ६४० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. बाहेर वाट नसलेल्या केटल तळ्यात क्लोराइड वर्षागणिक साठतच जाते.

रिचमंड हिलमधले विल्कॉक्स सरोवर याचे बोलके उदाहरण आहे. भोवतीचे पाणलोट गेल्या काही दशकांत शहरी झाले. फॉस्फरसची बाहेरून होणारी आवक कमी झाली, तरी सरोवर अतिपोषणाचीच, म्हणजे पोषकद्रव्ये जास्त झाल्याचीच, लक्षणे दाखवत राहिले. कारण खारे पाणी जड असते. ते तळाशी बसते, वरचे-खालचे पाणी मिसळणे कठीण होते, तळाचा ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन नसला की तळगाळात बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. मीठ हे असे फॉस्फरसचे दार उघडते. फक्त पृष्ठभागाचा नमुना घेणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

यातून एक पेच उभा राहतो. हिमोढावर पाणी मुरवा, हा योग्य सल्ला. पण कोणते? छपराचे पाणी स्वच्छ असते, ते खड्ड्यांतून वा चरांतून मुरवावे. रस्त्याचे व पार्किंगचे पाणी मुरवले तर खारवट पाणी थेट जलधरात जाते आणि काही वर्षांनी झऱ्यात बाहेर येते. दोन्ही पाणी एकाच नळातून एकाच तलावात सोडण्याची पद्धत इथे घातक आहे. वादळी पाण्याचे उघडे तलाव उन्हाने तापतात आणि त्यांचे वरचे पाणी ओढ्यात सोडले की ट्राउट हटतात. निर्गम तळाजवळून घेतला, तर पाणी थंड मिळते. मात्र तळाशी मीठ साठलेले असेल तर तेच आधी बाहेर पडते. यावर खात्रीचा एकच उपाय आहे, मीठच कमी टाकणे.

रेघेबाहेरचे पाणी

रिचमंड हिलपासून क्लॅरिंग्टनच्या पूर्व हद्दीपर्यंत हिमोढाची दक्षिण सीमा समुद्रसपाटीपासून २४५ मीटरच्या समोच्चरेषेने ठरवली आहे. प्रशासनाला ती सोयीची आहे, वाद होत नाहीत. पण वाळूतून सरकणारे पाणी त्या रेषेला ओळखत नाही. बरेचसे झरे तिच्या खाली, हिमोढाबाहेर गणल्या जाणाऱ्या उतारावर फुटतात. रूज आणि डफिन्सच्या ज्या उपनद्यांत संकटग्रस्त रेडसाइड डेस हा मासा पाण्याबाहेर झेप घेऊन कीटक पकडतो, त्यांनाही वरूनच थंडावा मिळतो.

उलट दिशेनेही हेच घडते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिमोढाच्या दक्षिणेला, १६ व्या ॲव्हेन्यूखाली मोठी मलवाहिनी टाकताना बोगदा कोरडा ठेवण्यासाठी प्रचंड प्रमाणात भूजल उपसले गेले. काम रेघेबाहेर, परिणाम जलधराचा. विहिरींची पातळी घसरली आणि ओढ्यांच्या प्रवाहाचा प्रश्न उभा राहिला. पुढच्या मोठ्या वाहिनीसाठी तोंडाशी दाब राखणारी बोगदा-यंत्रे वापरली गेली. त्यांत खोदकामाच्या तोंडावरचा मातीचा दाब भूजलाच्या दाबाशी तोलून धरला जातो, म्हणून उपसा फारसा लागत नाही. ती महाग असतात, पण अशा जमिनीत आधीच निवडायला हवी होती.

जिथे कुंपण पुरत नाही

एकोणिसाव्या शतकात इथली जंगले तोडून गहू पेरला गेला. पातळ सुपीक थर गेल्यावर वाळू उडू लागली आणि शेते ओसाड पडली. वनतज्ज्ञ एडमंड झॅविट्झ यांनी १९०८ मध्ये अशा ओसाड जमिनींच्या वनीकरणाचा अहवाल मांडला. यॉर्क भागात १९२४ मध्ये सरकारी लागवड सुरू झाली, आणि गॅनारास्का पाणलोटाच्या १९४४ च्या अहवालातून आज सुमारे ४,४०० हेक्टरचे जंगल उभे राहिले.

लागवड मुख्यतः लाल पाइनची होती. उघड्या, तापणाऱ्या वाळूवर मेपल-ओकची रोपे तग धरत नाहीत. पाइन धरतो, सावली देतो, पानगळीचा थर बसवतो. पण तो शेवटचा टप्पा नाही. साधारण २५ ते ३० वर्षांनी पहिली विरळणी करून ओळी काढायच्या, मग सुमारे दर १० वर्षांनी निवडक झाडे. उजेड जमिनीपर्यंत पोचला की पक्ष्यांनी आणि वाऱ्याने आणलेली रुंदपर्णी रोपे वर येतात. विरळणी टाळली तर खाली काहीच उगवत नाही. चुनखडी उथळ असलेल्या जागी लाल पाइन मध्यम वयातच खंगतो, तिथे विरळणीची वाट न पाहता रूपांतर लवकर करावे.

पूर्व टोकाला, राइस लेकच्या मैदानात, याच्या नेमके उलट काम करावे लागते. तिथे काळ्या ओकची सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचे गवताळ रान, आणि उंच गवताळ प्रदेश उरला आहे. ॲल्डरव्हिल फर्स्ट नेशन या मूळनिवासी समुदायाकडचा सुमारे ५० हेक्टरचा तुकडा त्यातला मोलाचा. मिची सागीग अनिशिनाबे लोक ही मैदाने पिढ्यान्‌पिढ्या जाळत आले. आग थांबली की झुडपे आणि पाइन शिरतात, बिग ब्लूस्टेम गवत आणि जंगली ल्युपिन सावलीत मरतात. म्हणून वसंतात, हिरवे फुटण्याआधी, कापलेल्या पट्ट्यांनी वेढलेले तुकडे आळीपाळीने जाळतात. सगळे एकाच वर्षी जाळायचे नसते, कारण गवताच्या काड्यांत कीटक हिवाळा काढतात.

डॉग-स्ट्रँगलिंग व्हाइन ही युरोपातून आलेली वेल इथली मोठी डोकेदुखी. मोनार्क फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या मरतात. हाताने उपटली की मूळ-गड्डा जमिनीतच राहतो आणि पुन्हा फुटतो, तो फावड्याने खणून काढावा लागतो. शेंगा धरण्याआधी कापल्यास बी थांबते, वेल मरत नाही. २०१३ पासून तिच्या पानांवर जगणारा हायपेना पतंग ओंटारिओत सोडला जातो आहे.

एका तळ्याचे मूल्यमापन कसे करावे

पहिली भेट मार्च-एप्रिलमध्ये, दुसरी जूनच्या शेवटी, तिसरी ऑगस्टमध्ये. एकाच उन्हाळी भेटीवर केलेला अहवाल स्वीकारू नये. तळ्यात पाणीपातळी नोंदवणारे यंत्र आणि काठाजवळ उथळ भूजल-नळी, दोन्ही किमान एक पूर्ण वर्ष, जमल्यास तीन. तळ्याची पातळी भूजलापेक्षा सतत वर राहत असेल तर तळे टांगलेले आहे आणि त्याचे पृष्ठभागावरचे पाणलोट जसेच्या तसे राखले पाहिजे. दोन्ही बरोबर हलत असतील तर वरच्या दिशेचे पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे पाणी मुरून भूजलात भर पडते ती जागा, शोधावे, ते १२० मीटरच्या बरेच बाहेर असू शकते.

पाण्याचा ताळेबंद महिन्यागणिक मांडावा. वार्षिक बेरीज जुळते आणि तळे तरीही मरते, असे होते, कारण वितळणीचे पाणी नळातून निघून गेलेले असते आणि त्याची भरपाई सप्टेंबरच्या पावसाने दाखवलेली असते. सॅलमँडरला पाणी एप्रिल ते जुलै लागते.

रस्ता तळे आणि जंगल यांच्या मधून जाणार असेल तर आधी तो हलवता येईल का ते पाहावे. नाहीच जमले तर भुयारी वाट. छताला जाळी असलेली, ओलावा आणि बाहेरचे तापमान आत येऊ देणारी, तळाला माती घातलेली. दोन्ही बाजूंना जमिनीत गाडलेले कुंपण हवे. कुंपणाखाली वाळू खचून फट पडते आणि प्राणी तिथूनच रस्त्यावर चढतात, म्हणून दर फेब्रुवारीत, स्थलांतराच्या आधी, ते चालत तपासावे. छताच्या जाळीतून मीठही आत गळते, तेव्हा त्या टप्प्यावर मीठ न टाकण्याचा करार रस्ता देखभाल करणाऱ्यांशी लेखी हवा.

क्लोराइडसाठी विद्युतवाहकता (खारे पाणी वीज अधिक वाहते) नोंदवणारी दोन यंत्रे लावावीत, एक पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर, दुसरे तळाच्या अगदी जवळ. आकडे बांधकामाआधीच्या हिवाळ्यापासून हवेत, नाहीतर नंतरची वाढ सिद्धच करता येत नाही.